पहिल्या वर्गातला चौविहार

भिवंडीच्या व्यापाऱ्याला लांबी मोजण्याची सवय असते. ताका किती मीटरचा, बिमावर ताणा किती चढला, एका पिकामागे मजुरी किती पैसे, हे त्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे, आणि अलीकडे या गावातील काही कुटुंबांतील वडीलधारी माणसे ते विमानाच्या अगदी पुढल्या भागात, ज्याला पहिला वर्ग म्हणतात तेथे बसून, किंबहुना आडवे होऊन, काटू लागली आहेत. या प्रवासात सुख किती आणि संकोच किती, हा विषय गावच्या ओट्यावर, पेढीवर आणि देरासराच्या पायऱ्यांवर पुष्कळदा निघतो. तो निघावा असाच आहे.

लंडन हे नाव भिवंडीला परके नाही. जामनगरच्या आसपासच्या हालार प्रांतातील गावांतून निघालेला वीसा ओसवाल समाज विसाव्या शतकाच्या आरंभापासून दोन दिशांना पसरला. काही जण समुद्र ओलांडून मोंबासा, नैरोबी, थिका येथे गेले. काही जण मुंबई, ठाणे आणि भिवंडीत स्थिरावले. पुढे आफ्रिकेतील अनेक कुटुंबे इंग्लंडला गेली आणि लंडनच्या उत्तरेला पॉटर्स बार येथे त्यांनी देरासर उभारले. त्यामुळे भिवंडीतील घरात एक भाऊ यंत्रमागाच्या खडखडाटात आणि त्याचा चुलतभाऊ इंग्लंडच्या थंडीत, असे चित्र नवलाचे नाही. राजस्थानातून आलेल्या मारवाडी जैन घरांचे नातेसंबंध वेगळ्या दिशांनी गेले. अँटवर्प, दुबई, न्यू जर्सी. पण मुलगी किंवा नातू परदेशी आहे आणि म्हातारपणी एकदा तिकडे जाऊन यायचे आहे, हे सूत्र सर्वत्र तेच.

आफ्रिकेला गेलेल्यांचा प्रवास कसा होता, हे ज्या घरांत अजून सांगितले जाते त्या घरांत पहिल्या वर्गाचे तिकीट हातात घेताना थोडी चलबिचल होते. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या ‘कारंजा’ आणि ‘कंपाला’ या आगबोटी दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईहून मोंबासाकडे जात. बहुतेक व्यापारी कुटुंबे डेकवरून किंवा बंकच्या वर्गातून जात. बिछाना आपला, पेटी आपली आणि आठवडाभर टिकेल असा खाखरा-चिवडाही आपलाच. वर पहिल्या वर्गाच्या खोल्या होत्या. तेथे वेगळे टेबल, वेगळा जिना. त्या जिन्याने कधीही न चढलेल्या माणसाचा नातू आज आजीसाठी सपाट पलंग होणारी खुर्ची विकत घेतो.

तिकिटाचा आकडा लाखांत जातो. कंपनी, हंगाम आणि किती आधी काढले यावर तो बदलतो, पण जाऊन-येऊन पाच लाख रुपये म्हटले तर कोणी दचकत नाही. आता भिवंडीच्या हिशेबाने पाहावे. कोऱ्या कापडात मीटरमागे ५० पैसे सुटले असे समजले, तर पाच लाख रुपये सुटायला दहा लाख मीटर कापड विकावे लागते. दहा लाख मीटर म्हणजे १,००० किलोमीटर. भिवंडीतून ते कापड रस्त्यावर अंथरीत गेले तर दुसरे टोक बंगळूरच्या आसपास पोहोचेल. मंदीच्या दिवसांत, माग बंद ठेवण्याची पाळी येते आणि सुताचा भाव सकाळी एक व संध्याकाळी एक असतो तेव्हा, हा हिशेब आजोबांनी मनात केला नसेल असे मानण्याचे कारण नाही. नातू म्हणतो, “आजोबा, गुडघ्यांसाठी घेतले आहे.” आजोबा काही बोलत नाहीत. गुडघ्यांचे कारण खरेही असते. ७५ वर्षांच्या माणसाने दहा तास पाय लोंबकळत ठेवून बसू नये, हे डॉक्टरही सांगतात. रक्ताची गुठळी ही कल्पनेतील भीती नव्हे. तेव्हा हा सारा खर्च केवळ दिखाव्याचा, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण गुडघ्यांसाठी बिझनेस वर्गाचा पलंगही पुरतो, हेही कोणी तरी हळूच म्हणते, आणि त्यावर घरात थोडा वेळ शांतता असते.

दुपारच्या विमानासाठी सकाळी लवकरच निघावे लागते. जून महिन्यात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो; त्यापुढे ४८ मिनिटांनी नवकारशी येते, आणि दूध-खाखरा घेऊन मोटार दाराशी लागते. अंजूरफाटा, रहनाळ, पूर्णा, काल्हेर. दोन्ही बाजूंना गोदामांच्या निळ्या-करड्या पत्र्यांचे डोंगर. जेथे भात होत असे तेथे आता देशभरच्या घरांत जाणाऱ्या खोक्यांची रास असते. कशेळीची खाडी ओलांडताना कंटेनरच्या रांगेत मोटार उभी राहते आणि साऱ्या प्रवासातली खरी अनिश्चितता इथेच आहे हे लक्षात येते. भिवंडी ते विमानतळ हे सुमारे चाळीस किलोमीटर कधी दीड तासात होतात, कधी तीन तासांत. विमान लंडनला किती वाजता उतरेल हे जास्त खात्रीने सांगता येते. या उभ्या मोटारीला पहिला वर्ग नसतो. शेजारच्या ट्रकचा क्लीनर आणि लाखाचे तिकीट खिशात असलेला प्रवासी एकाच धुरात बसतात.

याच तालुक्यातून तानसा तलावाच्या जलवाहिन्या मुंबईकडे जातात. त्यांतील वाहिन्या टाकण्याच्या कामाशी एका मराठी भाषक जैन उद्योगपतीचे नाव जोडलेले आहे: वालचंद हिराचंद दोशी. जन्म सोलापूर, १८८२. हुंबड दिगंबर जैन घराणे. मूळ गुजरातचे, पण पिढ्यांनी सोलापूरकर झालेले. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, जहाजाची कंपनी, साखरेचा कारखाना, हे सारे सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या वर्गाच्या विमानप्रवासाचा विषय निघाला की मात्र त्यांचा १९३९ सालचा एक प्रवास आठवावा, कारण लांब पल्ल्याच्या विमानातील महागड्या खुर्चीचा इतका मोठा मोबदला क्वचितच कोणाला मिळाला असेल.

मोटारीचा कारखाना हिंदुस्थानात काढावा या खटपटीसाठी वालचंद अमेरिकेत गेले होते. युरोपात युद्ध पेटले होते. परतताना ते सॅन फ्रान्सिस्कोहून पॅसिफिक ओलांडणाऱ्या पॅन अमेरिकन कंपनीच्या ‘क्लिपर’ विमानात बसले. ही विमाने पाण्यावरून उडत आणि पाण्यावर उतरत. होनोलुलू, मिडवे, वेक, गुआम असे टप्पे घेत मनिलाला पोहोचायला आठवडाभर लागे. रात्री बेटांवर कंपनीच्या हॉटेलांत मुक्काम होई. पहिला, दुसरा असे वर्गच नव्हते. भाडेच इतके होते की विमानात चढणारा प्रत्येक जण आपोआप पहिल्या वर्गाचा. प्रवासी मोजके, बसायला प्रशस्त दालन, आणि दिवसामागून दिवस खाली पाण्याखेरीज काही नाही. अशा ठिकाणी माणसे बोलतात.

त्याच विमानात विल्यम पॉली नावाचे अमेरिकन गृहस्थ होते. चीनमध्ये विमाने जुळवण्याचा कारखाना चालवण्याचा त्यांना अनुभव होता. हिंदुस्थानात असा कारखाना का निघू नये, हा प्रश्न त्या प्रवासात दोघांमध्ये निघाला आणि उतरल्यावरही विरला नाही. म्हैसूर संस्थानाने जागा आणि भांडवल दिले आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. १९४१ च्या ऑगस्टमध्ये तेथे जुळवलेले पहिले विमान, हार्लो जातीचे शिकाऊ विमान, उडाले. १९४२ मध्ये युद्धाच्या निकडीने सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि ते बाहेर पडले. आज ‘एचएएल’ या नावाने जी सरकारी कंपनी ओळखली जाते तिचे मूळ त्या विमानातील गप्पांत आहे.

ही कथा सांगून काही तरुण व्यापारी आपल्या पुढल्या वर्गाच्या तिकिटाचे समर्थन करतात: “ओळखी होतात.” त्यात आता फारसे तथ्य उरलेले नाही. क्लिपरमध्ये सर्वांनी एकत्र बसायचे होते. आजच्या पहिल्या वर्गात प्रत्येकाला दार असलेली खोली मिळते आणि ती विकली जाते ती मुळी कोणाचे तोंड पाहावे लागणार नाही या आश्वासनावर. वालचंद आणि पॉली आज त्या वर्गात शेजारी असते तर दोघांनी दार लावून घेतले असते.

हा वर्ग जन्माला आला तोही उलट्या वाटेने. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा त्यात ३५ प्रवासी होते आणि सारे एकाच तोलाचे. १९५२ मध्ये अटलांटिक समुद्रावरून ‘टुरिस्ट’ म्हणून स्वस्त जागा विकायला आरंभ झाला, १९५८ मध्ये ‘इकॉनॉमी’ आली. आणि पूर्वी जो केवळ विमानप्रवास होता त्याला ‘पहिला वर्ग’ म्हणावे लागले. स्वस्त माल बाजारात आला की जुन्या मालाला ‘उंची’ म्हणतात, हे कापडाच्या व्यापाऱ्याला समजावून सांगायला नको. १९७१ मध्ये एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे पहिले जम्बो आले, खिडक्यांभोवती बाहेरून झरोक्यांची नक्षी रंगवलेले. गावातील पुष्कळांनी परदेशी विमान प्रथम पाहिले ते त्याचे चित्र, महाराजाच्या शेजारी, पेढीच्या कॅलेंडरवर.

पुढल्या दालनात पाऊल ठेवल्यावर श्रावकाच्या डोळ्याला जे दिसते ते इतरांना दिसेलच असे नाही. खुर्ची बहुधा चामड्याची असते. उशी आणि दुलई पुष्कळ ठिकाणी हंसाच्या किंवा बदकाच्या पिसांची. काही कंपन्यांच्या स्वागताच्या थाळीत माशाची अंडी, म्हणजे कॅव्हिअर, हा मानाचा पदार्थ. मागे इकॉनॉमीत गेले तर खुर्ची बहुधा विणलेल्या कापडाची, पांघरूण कृत्रिम धाग्याचे. म्हणजे भाडे जसजसे वाढत जाते तसतसे प्राण्याचे अंग जवळ येत जाते. आणि मागल्या स्वस्त खुर्चीत बसलेला माणूस नकळत भिवंडीच्या मालाच्या गोत्रातल्या वस्तूवर बसलेला असतो. आजी चामड्याच्या खुर्चीवर आपली सुती शाल पसरून बसते. सेविकेला ते चमत्कारिक वाटते. तिला वाटते थंडी वाजत असेल, म्हणून ती आणखी एक दुलई आणून देते, पिसांची. सांगून ठेवले तर पिसांविना बिछाना मिळू शकतो, पण ते आधी विचारावे लागते आणि विचारायचे असते हेच पहिल्या प्रवासात ठाऊक नसते.

ज्या घरांत रोज सकाळी चौदा नियम धारण्याची पद्धत आहे त्यांची कसोटी वेगळीच. सचित्त, द्रव्य, विगई यांपासून वाहन, शयन, दिशा, स्नान यांपर्यंत आज किती आणि काय वापरायचे हे त्या श्रावकाने उजाडताच ठरवायचे असते. आता मोटार हे एक वाहन, विमान दुसरे, विमानतळावर चाकांची खुर्ची तिसरे. शयनात खुर्ची एक धरावी की बटन दाबताच तिचा पलंग होतो म्हणून दोन? द्रव्यांची मर्यादा पंधरा ठेवली, आणि जेवणाच्या पत्रिकेत आरंभीच्या चटण्या-लोणच्यांनीच ती निम्मी संपली, तर पुढे काय? हे प्रश्न थट्टेचे वाटतात, पण नियम घेणाऱ्याला ते थट्टेचे नसतात. उपभोगाची सीमा आधी आखावी आणि मग ताटावर बसावे, ही त्या व्रताची रीत. आणि पहिल्या वर्गाची सारी रचना अशी की सीमा कोणी आखूच नये. “आणखी काय आणू?” हा प्रश्न दहा तासांत किती वेळा येतो ते मोजण्यासारखे आहे.

जेवणाची सोय मात्र पूर्वीच्या मानाने पुष्कळच सुधारली आहे. विमान कंपन्यांच्या जगभरच्या सांकेतिक यादीत ‘व्हीजेएमएल’ अशी चार अक्षरे आहेत. ती म्हणजे जैन शाकाहारी भोजन, कांदा-लसूण नाही, बटाटा-गाजर यांसारखे कंद नाहीत. निघण्यापूर्वी किमान २४ तास आधी ते नोंदवावे लागते, कितीही वरच्या वर्गाचे तिकीट असले तरी. एक मौज अशी, की इकॉनॉमीत खास जेवणाचे ताट बहुधा सर्वांच्या आधी येते. तीनशे माणसांत जैनांचा मान पहिला. पुढल्या दालनात तेच ताट चिनी मातीच्या भांड्यांत, पांढऱ्या कापडावर, पाळीपाळीने येते. भाजी तीच. भात तोच. आजोबा खाताना काही बोलत नाहीत, पण नंतर पिशवीतून खाखऱ्याचा डबा निघतो.

पाण्याचा प्रश्न अधिक अवघड. उकळून गार केलेले पाणी घरून न्यावे तर सुरक्षा तपासणीत १०० मिलिलिटरवरचे काही आत नेता येत नाही. मग विमानात गरम पाणी मागून ते निववायचे. विमानाच्या आत हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो; त्यामुळे तेथे पाणी १०० अंशांवर नव्हे, ९२-९३ अंशांच्या आसपासच उकळते. हे ऐकून एखादी काटेकोर श्राविका विचारते की मग ते पक्के पाणी म्हणायचे का. उकळी फुटली की नाही एवढे पाहावे, असे उत्तर घरातल्या घरात दिले जाते आणि पेला रिकामा होतो.

दुबईमार्गे जाणाऱ्यांना आणखी एक नवल दिसते. एमिरेट्सच्या ए-३८० या दुमजली विमानांत २००८ पासून पहिल्या वर्गासाठी स्नानगृहे आहेत. चाळीस हजार फुटांच्या जवळपास आंघोळ! पण नळाचे पाणी पाच मिनिटेच चालते. भिंतीवर दिवे असतात आणि पाणी किती उरले ते दाखवत ते हिरव्याकडून तांबड्याकडे सरकतात. विमानात पाण्याचे वजन वाहून न्यावे लागते, म्हणून ही मर्यादा. ज्याने जन्मभर स्नानासाठी एक बादली धरली त्याला पाच मिनिटांचा फवारा उधळपट्टी वाटतो. ज्याने धरली नाही त्याला ते आकाशातील सर्वांत कडक व्रत वाटते. या साऱ्या वैभवात खरोखर मोजून दिली जाणारी वस्तू पाणी हीच निघावी, याचे जैन वाचकाला नवल वाटू नये.

आणि मग सूर्य. विमान दुपारी एकच्या सुमारास मुंबई सोडते आणि वायव्येकडे वळते. पृथ्वी मुंबईच्या अक्षांशावर ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने फिरते, लंडनजवळच्या अक्षांशावर ताशी सुमारे १,०५०. विमान ताशी ९०० च्या आसपास. म्हणजे जितके उत्तरेला जावे तितका सूर्य मागे पडण्याचे नाव घेईनासा होतो. खिडकीत तो एकाच उंचीवर टांगल्यासारखा राहतो. मुंबईत सायंकाळचे सव्वासात होतात. घरी या वेळी चौविहाराचे पच्चक्खाण घेऊन ताटे उचललेली असतात. विमानाच्या खिडकीत मात्र लख्ख दुपार आहे, आणि सेविका चहाची तयारी करीत आहे.

कोणते घड्याळ खरे? काही घरे निघालेल्या गावाचे घड्याळ मानतात: मुंबईत अंधार झाला की तोंड बंद. काही घरे डोळ्यांना दिसणारा सूर्य मानतात. त्यांना जूनमध्ये लंडनपर्यंत सूर्यास्तच भेटत नाही, कारण तेथे तो रात्री नऊनंतर होतो. डिसेंबरात हेच विमान घेतले तर सूर्य वाटेतच, युरोपच्या पूर्व भागावर कोठे तरी, मुंबईच्या रात्री आठ-साडेआठला मावळतो. त्यातही एक बारकावा आहे. ३५,००० फुटांवरून क्षितिज खाली झुकलेले असते, म्हणून खालच्या गावात सूर्य बुडाल्यावरही विमानातून तो सुमारे पंधरा मिनिटे दिसत राहतो. त्या पंधरा मिनिटांत घेतलेला घोट दिवसाचा की रात्रीचा, यावर दोन मित्रांचा वाद भिवंडीपासून हीथ्रोपर्यंत टिकू शकतो. इकॉनॉमीत हा पेच सोपा होतो, कारण तेथे जेवण कंपनी देईल तेव्हा. पहिल्या वर्गात जेवणाची वेळ प्रवाशाने सांगायची. येथे ते स्वातंत्र्य खरोखर उपयोगी पडते: “साडेतीनला ताट आणा, त्यानंतर मला काही नको,” असे सांगता येते आणि ऐकलेही जाते. चौविहार पाळणाऱ्याला या महागड्या तिकिटाचा सर्वांत रोकडा लाभ हाच असावा, पलंग त्यानंतर.

श्रावकाच्या बारा व्रतांत सहावे दिशांच्या मर्यादेचे. आपण पूर्वेला किती, पश्चिमेला किती जाणार हे ठरवायचे, आणि त्याबरोबर ऊर्ध्व दिशेला, म्हणजे वरही किती. त्या व्रताच्या अतिचारांत वरची सीमा ओलांडणे, खालची ओलांडणे, तिरकी ओलांडणे, क्षेत्र वाढवून घेणे आणि घातलेली सीमा विसरून जाणे असे पाच सांगितले आहेत. ज्या काळी माणूस उंच म्हणून डोंगरच चढत असे त्या काळी वरच्या दिशेचाही हिशेब ठेवला गेला होता. आजही काही वडीलधारी माणसे परदेशी निघताना गुरुमहाराजांकडे जाऊन मर्यादा विचारतात.

गुरुमहाराज स्वतः पायी विहार करतात. भिवंडीचा महामार्ग त्यांच्या नित्याच्या वाटांपैकी एक. पहाटेच्या अंधारात ट्रकांच्या कडेने जाणारे साधू-साध्वी गावाने अनेकदा पाहिले आहेत. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे आमंत्रण आचार्य आत्मारामजी महाराजांना आले, तेव्हा आचारामुळे त्यांना जाता येईना म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधी या गृहस्थाला पाठवले. आणि गृहस्थ असूनही समुद्र ओलांडला म्हणून परतल्यावर त्यांना आपल्याच माणसांचा विरोध सोसावा लागला. १९७० मध्ये मुनी चित्रभानू विमानाने जिनिव्हाला गेले, १९७५ मध्ये आचार्य सुशीलकुमार गेले, तेव्हाही मोठे वादळ उठले. आता श्रावकाने जावे की नाही, यावर कोणी वाद घालीत नाही. वाद उरला आहे तो कोणत्या खुर्चीवर बसावे एवढ्याचाच.

त्या वादाला एक नवे अंगही आहे. जागतिक बँकेच्या २०१३ च्या एका अभ्यासनिबंधात असे मांडले गेले, की पहिल्या वर्गातील एका प्रवाशाच्या वाट्याला येणारा कार्बनचा भार इकॉनॉमीतील प्रवाशाच्या नऊपटीपर्यंत जाऊ शकतो. कारण साधे आहे: एका पलंगाच्या जागेत मागे कितीतरी माणसे बसतात. अग्निकाय आणि वायुकाय जीवांचा विचार लहानपणापासून ऐकलेल्या समाजाला हा आकडा परका वाटायला नको. तरी तो ओट्यावरच्या चर्चेत क्वचितच येतो. चामडे आणि कॅव्हिअर डोळ्यांना दिसतात, धूर विमानाच्या मागे राहतो.

चार तास झाल्यावर दिवे मंद होतात, सेविका खुर्चीचा पलंग करून देते. आजोबा पलंगावर आडवे होतात, गुडघे लांब करतात आणि बरे वाटते. हे खरेच बरे वाटणे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. आजीला मात्र झोप येत नाही. तिची जागा दोन हात दूर, मध्ये लाकडी भिंत. पन्नास वर्षांत दहा तास इतके एकटे बसण्याची तिला सवय नाही. ती उठते, पडदा सारून मागे जाते. मागल्या प्रवाशाला पुढे येऊ देत नाहीत, पण पुढल्याला मागे जायला कोणी अडवत नाही. इकॉनॉमीत मधल्या जागेवर नातू अवघडून झोपलेला असतो. तिकिटांचे पैसे त्यानेच दिलेले. स्वतःसाठी त्याने मागली जागा घेतली, कारण हिशेब त्यालाही येतो. आजी त्याच्या अंगावरचे पांघरूण नीट करते. शेजारची जागा रिकामी असली तर ती तेथेच बसते आणि माळ काढते.

विमान उतरते तेव्हा लंडनमध्ये सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात आणि मुंबईत रात्रीचे अकरा. हीथ्रोच्या दारात मुलगी उभी असते, हातात स्टीलचा डबा. “बापुजी, सूर्यास्ताला अजून अडीच-तीन तास आहेत. मुगाची खिचडी आणली आहे, गरम आहे.” आजोबा मनगटावरच्या घड्याळाकडे पाहतात, त्यांनी ते अजून मागे केलेले नसते. मग ते बाहेर, पार्किंगच्या मोटारींवर पडलेल्या पिवळ्या उन्हाकडे पाहतात, आणि आजीला विचारतात, तू काय धरले आहेस.